सुंभ, नायलॉन आणि फायबरची होडी

दोर तुटला तर होडी वाहून जाते. म्हणून समुद्राच्या पाण्यात काय टिकते हे आपल्याला माहीत पाहिजे.

सुंभ नारळाच्या सोडणाचा करतात. सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवतात. मधला भुसा कुजतो, मग बडवून धागे काढतात व वळतात. जो धागा इतके महिने कुजला नाही, तो होडीला बांधल्यावर लगेच कसा कुजेल? त्यात लिग्निन नावाचा कठीण पदार्थ भरपूर असतो. पाण्यातल्या जंतूंना तो लवकर खाता येत नाही. तागात तो कमी असतो, कापसात जवळजवळ नसतोच. (म्हणीतला सुंभ जळतो. कुजल्याची म्हण मी ऐकली नाही.)

अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेले 'कौंडिण्य' जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात आले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, काथ्या गंजत नाही.

आम्ही मुलांनी सुतळी, सुंभ आणि नायलॉनचा दोर खाडीत खांबाला बांधून ठेवला होता. दोन महिन्यांनी सुतळी हातानेच तुटली. सुंभ काळा पडला पण तुटला नाही. नायलॉनला नुसते शेवाळ लागले होते.

पणजोबांच्या वेळी जाळी सुताची होती. ती सारखी वाळवायची आणि झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची, नाहीतर कुजायची. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत कॅरदर्स या शास्त्रज्ञाने शोधला. जंतू तो खात नाहीत. पण त्याला ऊन खाते! सारखा उन्हात पडलेला दोर हळूहळू कमजोर होतो. हाताला खरखरीत लागला की बदलावा, हे बाबांना सांगा. आणि समुद्रात हरवलेले जाळे कुजत नाही म्हणून ते फुकटच मासे आणि कासवे मारत राहते. हे मला फार वाईट वाटते.

फायबरची होडी म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. काच म्हटली की फुटेल असे वाटते ना? पण केसापेक्षा बारीक काच वाकते. लाकडाला टेरेडो पोखरतो. तो दिसतो किड्यासारखा, पण आहे शिंपल्यांचा भाऊबंद. फायबर त्याला खाता येत नाही. मात्र वरचा थर तडकला की पाणी आत शिरते आणि फोड येतात. काचेऐवजी ताग घातला तर? ताग पाणी पिऊन फुगतो, सुकला की आकसतो, असे होऊन होऊन रेझिनपासून सुटतो. म्हणून समुद्रात काचेचा धागाच बरा.

लाकडी होडी मोडली तर चुलीत जाते. फायबरची जाळली तर विषारी धूर होतो, आणि वितळवून दुसरी करताही येत नाही. आमच्या बंदरावर अशा दोन होड्या पडल्या आहेत. त्यांत कोंबड्या अंडी घालतात.