गोल्डफिशच्या टाकीतील उच्च सामू : स्वरूप, कारणे आणि व्यवस्थापन

बीजशब्द : सामू, अल्कता, मुक्त अमोनिया, बफर, मत्स्यालय

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांत प्राणिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत अथवा ग्रंथालयाच्या दाराशी काचेची एक टाकी असते आणि तीत बहुधा गोल्डफिश असतात. विद्यार्थ्यांना मत्स्यालय-व्यवस्थापनाचे प्रात्यक्षिक दाखवायचे ते याच टाकीवर. एखादा मासा मेला की प्रथम सामू-कागद बुडविला जातो. ८.२ किंवा ८.४ असा आकडा हाती येतो. पाठ्यपुस्तकात ७ हा उदासीन बिंदू दिलेला असल्याने पाणी 'बिघडले' असा निर्णय होतो व लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा रसायनशास्त्र विभागातून आणलेले विरल आम्ल टाकीत पडते. दोन-तीन दिवसांत आणखी मासे मरतात. ते सामू उच्च असल्यामुळेच मेले, अशी समजूत त्यामुळे अधिकच दृढ होते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही समजूत आहे. सामूचा आकडा स्वतः फार थोड्या वेळा घातक असतो. त्या आकड्यामागील अल्कता आणि त्या आकड्यावर अवलंबून असलेला अमोनिया या दोन गोष्टी समजून न घेता केलेला उपचार मात्र पुष्कळदा घातक ठरतो.

सामू आणि अल्कता

सामूची संकल्पना १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी मांडली. ही श्रेणी लॉगॅरिथमी असल्याने ७ आणि ८ यांत एका अंकाचा दिसणारा फरक हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापटीचा असतो. अल्कता ही याहून वेगळी राशी होय. पाणी किती आम्ल पचवू शकते याचे ते माप असून ते कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, मिलीग्रॅम प्रति लीटरमध्ये सांगतात. सामू हा जणू घराच्या उंबरठ्यावरून दिसणारा दिवा; घरात तेल किती आहे हे अल्कतेवरून कळते.

अल्कता मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पन्नास मिलिलीटर पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब आणि ब्युरेटमध्ये एन/५० सल्फ्युरिक आम्ल एवढ्यावर अनुमापन होते. ब्युरेटवरील वाचनाला २० ने गुणले की अल्कता मिळते. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे करू शकतो. तरीही टाकीच्या नोंदवहीत सामूचा रकाना असतो आणि अल्कतेचा नसतो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. अल्कतेची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलीग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत चालते. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कार्प कुळातील मासा. सामू ७ ते ८.४ या पट्ट्यात तो निकोप राहतो. म्हणजे नळाला येणारे मानकाप्रमाणेचे पाणी, क्लोरीन काढून टाकल्यावर, बहुतांश ठिकाणी त्याला मानवणारेच असते. सामू ९ च्या वर गेल्यास मात्र कल्ल्यांवर व त्वचेवरील श्लेष्म आवरणावर ताण येतो आणि तेथे हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

सामू वाढण्याची कारणे

दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या विंधन विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. या पाण्याची एक लबाडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइडही भरपूर असल्याने ताज्या पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास दिसू शकतो; बादलीत हवेचा पंप लावून रात्रभर ठेवले की वायू निघून जातो आणि तोच सामू ८ च्या वर चढतो. म्हणून नमुन्याची तपासणी चोवीस तास हवा दिल्यानंतरच करावी. 'भरताना ठीक होते, टाकीत बिघडले' या तक्रारीचे मूळ अनेकदा येथेच असते.

दुसरे कारण टाकीच्या तळाशी असते. शोभेसाठी घातलेली संगमरवरी खडी, शंख-शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, अर्थात टाकीबाहेर, टाकून बुडबुडे आले की शंका फिटते. नव्या सिमेंटच्या हौदातून चुना झिरपतो आणि सामू १० च्याही पुढे जातो; असा हौद तीन-चार आठवडे वारंवार भरून व रिकामा करून पाण्याचा सामू स्थिर झाल्याखेरीज त्यात मासे सोडू नयेत.

तिसरे कारण प्रकाशाचे. खिडकीशेजारील टाकीत शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. सामू पहाटे सर्वांत कमी व दुपारनंतर सर्वाधिक असतो. तासिका दुपारी असेल तर नोंदवहीत केवळ शिखरच उतरते. यावरचा उपाय पडदा होय, रसायन नव्हे.

पाण्यात कॅल्शियम असले तर सामू फार वर जाऊ लागताच कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन खाली बसते व वाढीला लगाम बसतो. सोडियम कार्बोनेटयुक्त पाण्याला असा लगाम नसतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा सामू दीर्घकाळ १० च्या आसपास नोंदला गेला तो याच कारणाने. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर सामूपेक्षा क्षारांचे एकूण प्रमाण हा वेगळा प्रश्न उभा राहतो. अशा ठिकाणी केवळ सामू-कागदावर विसंबणे व्यर्थ होय.

अमोनियाचे गणित

गोल्डफिशला खरे जठर नसते. तो सतत चरत राहतो व त्या मानाने भरपूर अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी आहे, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांच्या पटलातून आत शिरतो व विषारी ठरतो. या दोहोंचे प्रमाण सामू ठरवितो. २५ अंश सेल्सिअसला एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनियाचा वाटा सामू ६.५ ला ०.१८ टक्के, ७ ला ०.५७ टक्के, ८ ला ५.४ टक्के आणि ८.५ ला सुमारे १५ टक्के असतो. तापमानही त्यात भर घालते. सामू ८ असलेल्या पाण्यात ३० अंशाला हा वाटा सुमारे साडेसात टक्क्यांपर्यंत जातो. एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष लक्षात घ्यावे. मुक्त अमोनिया सर्वसाधारणपणे ०.०२ मिलीग्रॅम प्रति लीटरच्या खाली असावा, असे मानले जाते.

तेव्हा उच्च सामूच्या टाकीत खरा प्रश्न 'सामू किती?' हा नसून 'एकूण अमोनिया किती?' हा आहे. तो शून्याजवळ असेल तर ८.४ चे पाणी सुरक्षित आहे. तो एक मिलीग्रॅम असेल तर तेच पाणी धोकादायक आहे. अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वसलेले असतात आणि त्यांना किंचित अल्कधर्मी पाणीच मानवते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे रूपांतर करताना ते सुमारे ७.१ ग्रॅम अल्कता खर्च करतात. म्हणजे ज्या अल्कतेमुळे सामू उच्च राहतो, तीच या शुद्धीकरणाचे भांडवल आहे.

आम्ल घातल्यावर काय होते

आम्ल पडताच बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते व सामू उतरतो. काही तासांत तो वायू हवेत निघून जातो आणि सामू पुन्हा जवळपास मूळ जागी येतो. उपचार फसला असे वाटून दुसरी मात्रा दिली जाते, मग तिसरी. प्रत्येक मात्रेबरोबर अल्कता घटत जाते, पण सामू-कागदाला ते दिसत नाही. ती संपत आली की पुढची तेवढीच मात्रा सामू ८ वरून एकदम ५ च्या खाली नेऊ शकते. माशाच्या दृष्टीने आठवडाभरातील हे चढउतार स्थिर ८.४ पेक्षा कितीतरी जाचक असतात.

लिंबूरस व व्हिनेगर यांत आणखी एक दोष आहे. त्यांतील सेंद्रिय आम्ले जीवाणूंचे खाद्य बनतात, पाणी दुधाळ होते आणि प्राणवायू घटतो. बाजारातील फॉस्फेटयुक्त द्रावणे शेवाळाला खत पुरवितात. तुरटीही अल्कता खाते आणि ॲल्युमिनियम मागे ठेवते, जे आम्लधर्मी पाण्यात कल्ल्यांना अपायकारक असते. देशी बदामाची वाळलेली पाने मृदू पाण्यात उपयोगी असली, तरी २०० मिलीग्रॅम अल्कतेच्या पाण्यात ती रंग देतात, सामू फारसा हलवीत नाहीत.

सुटीनंतरचे पाणी

याच गणिताची दुसरी बाजू दिवाळी व उन्हाळी सुटीनंतर दिसते. १०० लीटरच्या टाकीत अल्कता २०० असेल तर एकूण साठा २० ग्रॅम होतो. ढोबळ हिशेबाने साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनयुक्त खाद्यातून सुटणारा नायट्रोजन तो संपवितो. रोज एक ग्रॅम खाद्य पडत असेल आणि पाणी बदलले जात नसेल, तर दोन-अडीच महिन्यांत टाकी रिती होते. सामू ६.५ वर येतो, जीवाणू मंदावतात, अमोनिया साचतो. परंतु तो अमोनियम रूपात असल्याने मासे वरकरणी ठीक दिसतात.

आता विभाग उघडतो आणि टाकी घाण दिसते म्हणून अर्धे पाणी बदलले जाते. समजा, एकूण अमोनिया ४ मिलीग्रॅम होता. सामू ६.५ ला त्यातील मुक्त अमोनिया ०.००७ मिलीग्रॅम होता. पाणी बदलल्यावर एकूण अमोनिया निम्मा, म्हणजे २ मिलीग्रॅम झाला. पण सामू ८ वर गेल्याने मुक्त अमोनिया ०.१०८ मिलीग्रॅम झाला. अर्धी घाण काढून विष पंधरापट वाढले. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतात आणि दोष पुन्हा नळाच्या 'जास्त सामूच्या' पाण्यावर येतो. प्रयोगशाळा परिचराने मन लावून केलेली स्वच्छता त्याच्याच अंगावर येते, हे अधिक खेदजनक.

अशा टाकीत आधी एकूण अमोनिया मोजावा, खाद्य थांबवावे, हवा वाढवावी आणि फिल्टरमध्ये झिओलाइट ठेवून अमोनियम शोषून घ्यावे. पाणी दररोज दहा टक्क्यांहून अधिक बदलू नये. फिल्टरमधील स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने उरलेसुरले जीवाणूही जातात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

अल्कता कमी करणे केव्हा व कसे

हवा दिलेल्या पाण्याचा सामू ८.५ च्या वर स्थिर राहत असेल आणि खडी, सिमेंट व शेवाळ ही कारणे दूर केलेली असतील, तरच पाणी सौम्य करण्याचा विचार करावा. त्यासाठी मिश्रण हा खात्रीचा मार्ग आहे : आरओचे किंवा पावसाचे पाणी विंधन विहिरीच्या पाण्यात टाकीबाहेर पिंपात मिसळावे, चोवीस तास हवा द्यावी, मोजावे आणि मगच नेहमीच्या साप्ताहिक बदलात वापरावे. पावसाचे पाणी पहिल्या सरी वाहून गेल्यावर धरावे. नव्याने गिलावा केलेल्या गच्चीवरील पाणी चुन्यामुळे उलट परिणाम करते. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात अल्कता जवळजवळ नसते.

मिश्रणाकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. अल्कता निम्मी केली तरी हवेशी समतोल साधलेल्या पाण्याचा सामू केवळ ०.३ ने उतरतो. ३०० वरून १५० वर आणलेले पाणी ८.६ ऐवजी ८.३ दाखवील आणि गोल्डफिशला तेवढे पुरेसे आहे. त्याहून खाली ओढण्याच्या नादात अल्कता १०० मिलीग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. नोंदवहीत सामूशेजारी अल्कता व एकूण अमोनिया यांचे दोन रकाने आखावेत, नोंद दर आठवड्याला ठरावीक वेळी घ्यावी आणि दीर्घ सुटीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात तीनही आकडे पाहून, अल्कता घटलेली असल्यास पाणी थोडे थोडे बदलून ती भरून काढावी.