दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो का?

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी भाषा बोलणारे एखादे मूल तुमच्या वर्गात असेलच. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल! अशा मुलांच्या आईवडिलांना पुष्कळदा सल्ला मिळतो, “घरची भाषा बंद करा. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ उडतो.” हे कितपत खरे आहे?

हा समज बराच जुना आहे. ब्रिटनमधील वेल्समध्ये इंग्रजीहून अगदी निराळी अशी वेल्श भाषा बोलतात. एकोणिसाव्या शतकात तेथील काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला, की पट्टी त्याच्या गळ्यात जाई. शेवटी ती ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा होई.

पुढे १९२३ मध्ये सेअर या संशोधकाने वेल्समधील मुलांच्या बुद्धिमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतील द्वैभाषिक मुलांना एकभाषिक मुलांपेक्षा कमी गुण मिळाले होते. सेअरने याचे कारण मानसिक गोंधळ असे मानले. पण गंमत अशी, की शहरांतील मुलांत हा फरक दिसला नव्हता!

मग चूक कोठे झाली? समजा, तुम्ही एक रोप लाल कुंडीत लावून उन्हात ठेवले आणि दुसरे निळ्या कुंडीत लावून अंधारात ठेवले. निळ्या कुंडीतले रोप खुरटले, तर तो दोष रंगाचा का? त्या काळच्या अनेक चाचण्यांत असेच झाले. द्वैभाषिक मुले बहुधा गरीब घरांतली असत. काही वेळा तर त्यांना कच्च्या असलेल्या भाषेतच प्रश्न विचारले जात.

१९६२ मध्ये कॅनडातील पील आणि लँबर्ट यांनी ही चूक टाळली. माँट्रियल शहरातील, सारख्या आर्थिक परिस्थितीतील दहा वर्षांची मुले त्यांनी निवडली. या वेळी फ्रेंच व इंग्रजी दोन्ही जाणणारी मुले सरस ठरली!

म्हणून दोन भाषांनी बुद्धी वाढते, असे म्हणायचे का? तीही घाई होईल. या प्रयोगात दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलेच निवडली होती. ती मुळातच हुशार असू शकतील. नंतरच्या मोठ्या पाहण्यांतही असा फायदा नेहमीच आढळलेला नाही. मात्र दोन भाषांमुळे बुद्धी मंदावते, या म्हणण्याला आधार उरलेला नाही. लहान मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळते, तोही गोंधळ नव्हे; हाताशी असलेला शब्द ते वापरते, इतकेच.

आपल्या सांगली जिल्ह्यातील कुपवाडचेच उदाहरण घ्या. तेथील भाषाव्यवहाराचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे घरोघरी कन्नड, उर्दू, मराठी अशा वेगवेगळ्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या, आणि शेजाऱ्याशी बोलताना माणसे सहज भाषा बदलत.

उद्या वर्गात मोजून पाहा बरे, सर्वांच्या घरी मिळून किती भाषा बोलल्या जातात? आणि कोणी आपली भाषा सांगायला लाजत असेल, तर त्याला त्या लाकडी पट्टीची गोष्ट जरूर सांगा.