आंबेगावकर कोठले?

'आंबेगावकर' हे आडनाव काही पदोपदी कानी पडणारे नव्हे. अर्थ मात्र सरळ आहे : आंबेगावचा. येथील 'कर' म्हणजे हात नव्हे, आणि सरकारी सारा तर नव्हेच. तो मूळ गाव दाखविणारा प्रत्यय होय.

गंमत अशी की, अशा आडनावाची माणसे त्या गावात शोधू नयेत. गावात सारेच त्या गावचे. मग गावाच्या नावाने ओळख ती काय पटणार? ओतुरात डुंबरे पुष्कळ भेटतील. ओतूरकर भेटावयाचे ते बहुधा परगावी. पोटासाठी कोणी घाट उतरला, नव्या शेजाऱ्यांनी त्यास गावावरून हाक मारली, आणि तीच पुढे मुलांच्या हजेरीपटावर चढली. विख्यात तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचा तर जन्मही १९३५ साली पंढरपूरचा!

तथापि आडनावावरून गाव ठरविताना घाई करू नये. 'घोडेकर' म्हणताच आपणांस घोडनदीकाठचे घोडेगाव आठवते. परंतु नेवासे तालुक्यातही एक घोडेगाव आहे. कुलदैवत कोणते, जमिनीचे जुने कागद कोठले, हे पाहिल्यावाचून निर्णय देणे धाडसाचे.

आंबेगावेही एकाहून अधिक आहेत. एक पुण्याच्या दक्षिणेस आहे. ज्यावरून तालुक्यास नाव पडले, ते जुने आंबेगाव घोडनदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे. तेथील आंबेगावकरास आपले मूळ घर दाखवा म्हटले, तर त्याने पाण्याकडेच बोट करावयाचे.