जळणाचे थैले आणि यारीची मालमोटार

दुष्काळांत अथवा युद्धांत सांपडलेल्या माणसास धान्य पोंचविलें कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी पुष्कळ उदार गृहस्थांची समजूत असते. परंतु धान्य कच्चें खातां येत नाहीं, आणि थंड मुलुखांत शेगडीवांचून नुसत्या अन्नावर हिवाळा निघत नाहीं. युक्रेनमध्यें 2022 पासूनच्या हिवाळ्यांत आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनीं युद्धरेषेजवळील कुटुंबांस जळाऊ लांकूडहि वांटलें, तें याच कारणानें. अशा कामाच्या हिशेबांत 'वाहतूक व उतराई' हें कलम दिसलें कीं वर्गणीदारांच्या कपाळीं आठी पडते. ती कांहींशी विरावी म्हणून जळण उतरविण्याची जी एक रीत इंग्लंडांत रूढ आहे, तिची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या वखारींत लांकूड वजनावर मिळतें, आणि ओल्या लांकडाबरोबर पाण्याचेहि पैसे मोजावे लागतात हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. इंग्लंडांत घरगुती गिऱ्हाइकास तें बहुधा थैल्याच्या मापानें मिळतें. हा थैला विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा असून त्याची प्रत्येक बाजू सुमारें 85 ते 90 सेंटिमीटर असते. आंत फोडलेलीं लांकडें पडतील तशीं पडलेलीं असल्यामुळें बरीचशी जागा हवाच व्यापते. कठीण जातीच्या सुक्या लांकडाचा असा थैला अडीचशें-तीनशें किलो भरतो. नुकत्याच तोडलेल्या झाडाचें निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. म्हणून 1 मे 2021 पासून इंग्लंडांत अमलांत आलेल्या नियमांनीं, 2 घनमीटरांहून कमी मापांत विकल्या जाणाऱ्या लांकडांत शेंकडा 20 पेक्षां अधिक ओलावा नसावा असें ठरविलें. हवेंतील धुराचे सूक्ष्म कण कमी व्हावे हा त्यांतील हेतु. थैला अर्थातच या मर्यादेंत येतो. तीनशें किलोंत साठ किलो पाणी आणि तीनशें किलोंत दीडशें किलो पाणी, यांतील भेद ज्याच्या घरांत धूर कोंडतो त्यासच नीट कळतो.

आतां हा थैला उतरावयाचा कसा? तो दोन हमालांनीं खांद्यावर घ्यावा असा नव्हे. मागें कलणारी मोटार लांकूड रस्त्यावर ओतून निघून जाते. मग घरांतील वृद्ध स्त्रीनें एकेक लांकूड उचलून आंत न्यावें! चाकांचा हातगाडा घ्यावा, तर तो खडीच्या वाटेवर रुततो. या अडचणीवरील उपाय म्हणजे मालमोटारीवरच बसविलेली यारी. स्वीडनमध्यें हुडिक्सवॉल येथें एरिक सुंडिन नांवाचे स्की तयार करणारे कारखानदार होते. मोटारीच्या एंजिनाच्याच बळानें यारी चालवितां येईल अशी कल्पना त्यांनीं काढली. 1944 सालीं त्यांची कंपनी निघाली व 1947 सालीं तिची तेलाच्या दाबावर चालणारी पहिली यारी बाहेर पडली. त्या कंपनीच्या नांवावरून इंग्लंडांतील चालक अशा कोणत्याहि यारीस 'हायॲब' म्हणतात. पंपानें दाबलेलें तेल नळकांड्यांतील दट्ट्यांस ढकलतें, आणि लोखंडी हात उठतो, लांबतो, वळतो. चालक बाजूस उभा राहून दांड्यांनीं अथवा बिनतारी पेटीनें थैला कुंपणावरून नेऊन अंगणांत अलगद ठेवतो.

यांतील मर्म तराजूच्या दांडीचेंच आहे. जी यारी 5 मीटरांवर 1 टन पेलते ती 10 मीटरांवर फार तर अर्धा टन पेलणार. लांबलेल्या हाताचें स्वतःचें वजन वजा जातां त्याहूनहि कमी. म्हणून 'यारी किती उचलते?' हा प्रश्न अपुरा आहे, 'किती अंतरावर?' असें लगेच विचारावें. त्याच मापाचा वाळूचा थैला टनाच्या घरांत जातो. लांकडाचा थैला हलका, म्हणूनच तो भिंतीपलीकडे दूरवर नेतां येतो.

मोटार कलंडूं नये म्हणून दोहों बाजूंस आधाराचे पाय पसरावे लागतात, आणि जमीन मऊ असल्यास त्यांखालीं रुंद फळ्या. गटाराच्या झांकणावर पाय टेकणें म्हणजे अपघातास आमंत्रणच. अरुंद गल्लींत पाय पुरते पसरत नसतील तर थैला रस्त्याच्या कडेस ठेवणें बरें. याहून मोठें भय डोक्यावरील विजेच्या तारांचें. लोखंडी हाताचा स्पर्श व्हावाच लागतो असें नाहीं; उच्च दाबाची वीज जवळ आलेल्या लोखंडावर उडी घेते.

आमचा व्यवसाय कायद्याचा, म्हणून हेंहि नमूद करितों कीं, ब्रिटनमधील वजनें उचलण्याविषयींच्या 1998 च्या नियमांप्रमाणें अशा प्रत्येक कामाची आखणी जाणत्या माणसानें करावी लागते. सामान्यतः यारीची कसून तपासणी 12 महिन्यांनीं व तिच्या सांखळ्यांची 6 महिन्यांनीं होते. थैल्यावर सुरक्षित भार छापलेला असतो; एकदांच वापरावयाचा थैला त्या भाराच्या पांचपट व पुन्हां वापरावयाचा सहापट टिकेल असा बनवितात. परंतु हा धागा उन्हानें कुजतो. अंगणांत वर्षभर पडलेला थैला पुन्हां भरून उचलणें ही काटकसर नव्हे. चारहि फांस आंकड्यांत असावे, आणि टांगलेल्या थैल्याखालीं कोणीहि, विशेषतः मुलांनीं, उभें राहूं नये.

थैला उतरला म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. हातभर खोल थैल्याच्या तळाशीं वांकणें म्हाताऱ्या माणसास जमत नाहीं; आणि उघड्यावर राहिलेलें सुकें लांकूड पावसानें पुन्हां भिजतें. तें जमिनीपासून उंच, छपराखालीं, हवा खेळेल असें रचून द्यावें लागतें. तेव्हां वर्गणीदारांस आमची विनंति ही कीं, जळणाच्या देणगींतून उतराईचा खर्च वगळावा असा आग्रह त्यांनीं धरूं नये; आणि ज्या तरुणांस पैसा देणें शक्य नाहीं, त्यांनीं यारी येण्याच्या दिवशीं लांकडें रचण्यास दोन तास द्यावे.