मलेरियाच्या पोटातलं शैवाल

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतून कुणी महिनाभराच्या कामासाठी बस्तरला निघालं, तर प्रतिबंधक औषध म्हणून क्लोरोक्विनवर विसंबून चालत नाही. बस्तरमध्ये, आणि सीमेअलीकडे आपल्या गडचिरोलीतही, फाल्सिपेरम हा मलेरियाचा जीवघेणा परजीवी आढळतो. त्याने क्लोरोक्विनला दाद न दिल्याची भारतातली पहिली नोंद १९७३ सालची, आसामच्या कार्बी आंगलाँगमधली.

हे त्याला जमलं कसं? तांबड्या पेशीत शिरून तो हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्विन नेमकं हेच काम अडवतं. पण परजीवीच्या ४२४ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनात ७६व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन आलं, जोडीला आणखी काही बदल झाले, आणि ते प्रथिन औषधालाच बाहेर काढू लागलं!

मग प्रवाशाला काय देतात? सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर डॉक्सिसायक्लिन. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना मात्र ते चालत नाही. हे तर जिवाणूंवरचं औषध. मलेरियाचा परजीवी काही जिवाणू नव्हे. खरं आश्चर्य इथेच आहे. या परजीवीच्या एका प्राचीन पूर्वजाने शैवालाची एक पेशी गिळली होती. तिचा अवशेष, एपिकोप्लास्ट, आजही त्याच्या शरीरात आहे. प्रकाशसंश्लेषण कधीच संपलं. पण तब्बल चार आवरणांआड सुमारे ३५ हजार अक्षरांचा स्वतःचा डीएनए तो जपून आहे. वनस्पतींच्या हरितलवकाचाच हा दूरचा नातलग, आणि हरितलवकाचा मूळ पूर्वज जिवाणू. म्हणून जिवाणूंवरचं औषध इथे लागू पडतं.

तेही कसं, पाहा. औषध घेतल्यावर परजीवी लगेच मरत नाही. त्याचं ४८ तासांचं चक्र पुरं होतं, पिल्लं जन्मतात. पण त्यांच्या वाट्याला बिघडलेला एपिकोप्लास्ट येतो आणि ती पुढच्या चक्रात मरतात. एवढ्या संथ औषधावर ऐन तापात एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही; प्रतिबंधासाठी ते उत्तम. प्रवासाच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत रोज १०० मिलिग्रॅम घ्यायचं. यकृतात दडलेले परजीवी उशिरा रक्तात उतरतात, तेव्हा ते तिथे हजर हवं.

व्हायवॅक्स हा दुसरा परजीवी मात्र यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि या गोळ्यांतून निसटतो. बस्तरहून येऊन सहा महिन्यांनी ताप आला, तरी रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना त्या प्रवासाचं आवर्जून सांगावं.