येडशी ते धाराशिव : कोविड, एचआयव्ही आणि चुकलेली गोळी

येडशीहून धाराशिवला जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रात जायचं म्हणजे एसटीने सुमारे वीस किलोमीटर. एरवी बाजाराच्या कामाला जोडून ही फेरी होऊन जाते, कुणाला काही सांगावं लागत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली. नाक्यावर पोलिसांनी "कुठं निघालात?" विचारलं, तर एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाने काय सांगायचं? कोविडच्या काळातला या माणसांचा धोका समजून घ्यायचा, तर आधी हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

"एचआयव्ही आहे म्हणजे कोविड होणारच," असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. ते खरं नाही. लागण होते ती गर्दी, बंद खोली, घरातला बाधित माणूस, रोजचा संपर्क यांमुळे, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे. वेगळा प्रश्न आहे तो लागण झाल्यावर आजार किती बळावतो याचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 24 देशांतल्या, पण मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या, रुग्णालयांत दाखल झालेल्यांची माहिती तपासली. एचआयव्ही असलेल्यांमध्ये आजार गंभीर होण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्के जास्त दिसला. वय, मधुमेह आणि रक्तदाब यांनी तो आणखी वाढत होता. दक्षिण आफ्रिकेच्याच वेस्टर्न केप प्रांतातल्या अभ्यासात, कोविडच्या वेळी क्षयरोग असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. आपल्याकडे क्षय आणि एचआयव्ही कितीदा हातात हात घालून येतात, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारावं.

म्हणून "एचआयव्ही" या एका शब्दाने धोका मोजता येत नाही. सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला आहे का, साखर किती, खोकला किती दिवसांचा, हे विचारायला हवं. सीडी4 200 च्या खाली असेल तर काळजी खरीच मोठी. अशा शरीरातून विषाणू लवकर हटत नाही. दक्षिण आफ्रिकेत एका महिलेचा एचआयव्ही आटोक्यात नव्हता, तिच्या शरीरात कोविडचा विषाणू 216 दिवस टिकला होता. एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्या म्हणून धोका शून्यावर येतो असं नाही, पण या टोकाला जाण्यापासून त्याच वाचवतात.

याच्या उलटा गैरसमजही होता : "एआरटी चालू आहे, मग कोविडची भीती नाही." त्याचं मूळ लोपिनाविर–रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधजोडीत. ती सुरुवातीला कोविडसाठी वापरून पाहिली गेली. 2020 मध्येच मोठ्या चाचण्यांत रुग्णालयातल्या रुग्णांना तिचा फायदा दिसला नाही. विषय तिथेच संपला.

लशीबद्दलची भीती मात्र रेंगाळली. "आपली प्रतिकारशक्ती कमी, लस सोसणार नाही." कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू होता आणि कोविशिल्डमधला वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नव्हता, त्यामुळे लशीतून कोविड होण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारनेही 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयोगटातल्या ज्या 20 व्याधींना प्राधान्य दिलं, त्यांत एचआयव्ही होता. पण त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागायचा. गावातल्या लसीकरणाच्या रांगेत तो कागद कोण बाहेर काढणार? 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरच्या सगळ्यांना दाखल्याविना लस खुली झाली, तेव्हा ही अडचण संपली.

गोळ्यांच्या बाबतीतही यंत्रणेने वाट काढली होती. टाळेबंदीत एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची आणि जवळच्या दुसऱ्या केंद्रातून त्या घेण्याची मुभा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दिली. पण ही मुभा वापरायला कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि गावात बोलणं हीच सर्वांत अवघड गोष्ट. सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या कायद्याने संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करण्यास मनाई आहे. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असायला हवं.

शेवटचा गैरसमज घराघरांतला : "ताप आलाय, तोवर एआरटी बंद ठेवू." असं अजिबात करू नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी चुकवू नये. कोविड असो वा दुसरा कुठलाही आजार, दाखल व्हायची वेळ आली तर एआरटीचं कार्ड आणि गोळ्यांची डबी पिशवीत सोबत घ्यावी आणि डॉक्टरांना एकांतात दाखवावी. शंका असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येतं.