रिमोटला पाय दिसत नाहीत

सकाळी ८. न्यू जर्सीतल्या नर्सिंग होममध्ये फिजिकल थेरपिस्ट म्हणून माझा दिवस पेशंटच्या यादीने सुरू होतो. आज चार नावांपुढे ‘ग्रुप’ लिहिलंय, म्हणजे व्हिडिओ गेमवरचं बोलिंग. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) २०१९च्या नियमाने ग्रुपमध्ये दोन ते सहा जण चालतात, आणि ग्रुपची व दोघांना एकदम दिलेली थेरपी मिळून एकूण थेरपीच्या २५ टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही. बाकीचा वेळ एकेकाला स्वतंत्र. हा नियम मला पटतो. नाहीतर ओळीने खुर्च्या मांडून सगळ्यांना टीव्हीसमोर बसवणं फार सोपं आहे.

८:४५. न्याहारी आणि गोळ्या झाल्या की रक्तदाब. आधी आडवं असताना, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर नर्सला कळवायचं आणि आज खेळ बसूनच.

१०:००. निन्टेंडोचा वी हा गेम कन्सोल २००६ साली आला. आता तो बनतही नाही, तरी मला नव्या यंत्रांपेक्षा तोच बरा वाटतो. रिमोट मुठीत नीट बसतो. निन्टेंडोच्याच नव्या स्विच कन्सोलचे कंट्रोलर आखडलेल्या बोटांना फार बारीक पडतात. पट्टा मनगटात, कमरेला मला धरता यावं म्हणून गेट बेल्ट, मागे ब्रेक लावलेली व्हीलचेअर.

पहिली पाळी एका निवृत्त पोस्टमनची. स्ट्रोकनंतर त्यांची डावी बाजू कमजोर आहे. तरुणपणी ते दर आठवड्याला खरं बोलिंग खेळायचे. आज बसल्याबसल्या मनगटाला झटका दिला आणि दहाही पिन आडव्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण या खेळाची खरी मेख इथेच आहे. रिमोटला हाताची हालचाल कळते; पाय काय करतात याचा त्याला पत्ता नसतो. स्कोअर वाढला म्हणून माणूस सुधारला, असं होत नाही. म्हणून पुढच्या फ्रेमला त्यांना उभं केलं, डाव्या पायावर भार द्यायला लावला आणि मगच रिमोट हातात दिला. चारच पिन पडल्या. माझ्या लेखी त्या चार मोलाच्या.

दुसऱ्या आपल्या आजी. मुलाकडे पुण्याहून आल्या आणि अंगणातल्या बर्फावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदललाय. त्यांना कमरेतून ९० अंशांपलीकडे वाकायचं नाही, पाय आत वळवायचा नाही. आणि बोलिंगमध्ये माणूस नेमका वाकतो.

“आजी, ताठ उभ्या राहा. फक्त हात मागे न्या, पुढे आणा.”

“अगं, पण बटण कधी सोडायचं? तेवढ्यात बोट अडकतं.”

“मी ‘सोडा’ म्हणाले की सोडा.”

नुसतं ‘दोन मिनिटं उभ्या राहा’ म्हटलं की त्यांचा पाय दुखतो. पण शेजारचा खेळत असताना त्या आपली पाळी येण्याआधीच उठून उभ्या राहतात, पिन मोजतात. हे उभं राहणंच मला हवं असतं. चौघांत पाळी फिरते, त्यामुळे मधली विश्रांती आपसूक मिळते. श्रम किती वाटतात ते बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर विचारते. ११ ते १३ मध्ये राहिले की पुरे.

१२:००. जेवण.

१:३०. पॅरलल बारमध्ये वीचा बॅलन्स बोर्ड. चार कोपऱ्यांत चार सेन्सर, भार कुठे आहे ते पडद्यावर ठिपक्याने दिसतं. पोस्टमन म्हणतात, “मी सरळच उभा आहे.” ठिपका उजवीकडे. मी दहादा सांगून जे पटत नव्हतं, ते त्यांना ठिपक्याने पटवलं आणि ते हळूहळू डावीकडे सरकले. बोर्ड साधारण पाच सेंटिमीटर उंच, म्हणजे चढउतारच असते. तेव्हा बेल्टवरचा माझा हात सुटत नाही. या बोर्डवरच्या वी फिट गेममध्ये शेवटी शरीराचं ‘वय’ दाखवतात, तो भाग मी कधीच लावत नाही. पंच्याऐंशीच्या माणसाला यंत्राने वयावरून हिणवावं, हे मला सहन होत नाही.

३:००. नोंदी. ‘खेळले, आनंदी होते’ एवढ्याला थेरपी म्हणत नाहीत. आधाराशिवाय किती वेळ उभे राहिले, किती वेळा तोल सावरावा लागला, ते लिहायचं. आजींची चाचणीही घेतली: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. त्या अजून बऱ्याच वर आहेत, पण वळताना आता थबकत नाहीत.

४:००. आजींचा मुलगा आणि नातू आले. घरी स्विच आहे, नातू शिकवायला उत्सुक. त्याला कागदावर लिहून दिलं: हातांची, न घसरणारी खुर्ची मागे भिंतीला टेकवून, गालिचा गुंडाळून, पायात मोजे नव्हे, बूट, आणि आजी खेळताना तू खेळायचं नाहीस, त्यांच्या शेजारी उभं राहायचं.